कलावती सांगते की

आंबिवली
३ मार्च २०२५

चि. उर्वी,

कलावती सांगते की, तुझ्या मोबाइल वर्गाचा फॉर्म फोनवर आला. वर्ग कसा वाटला म्हणून विचारतोय आणि खाली पाच चांदण्या. मी बोट लावलं तर पाचही पिवळ्या झाल्या आणि फॉर्म गेला निघून. म्हणजे वर्ग फार छान आहे असं मी म्हटलंय म्हणे. मी तसं काही म्हटलेलं नाही. म्हणून हे कागदावर.

लिहितायत तुझे आबा. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, पण तुझ्या ठाण्याच्या हापिसात आणखी कुणी वाचलं तर त्यांना कळायला हवं. सांगणारी मी, वय शहात्तर. लिहिणारे माझे मालक, वय ब्याऐंशी, डोंबिवलीच्या कंपनीतून रिटायर. चुका निघाल्या तर त्यांच्या.

समाजमंदिरात मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही एकोणीस जण जमतो. समीक्षा शिकवते. पोरगी गोड आहे, रागावत नाही, हाच तिचा दोष. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना एकेक पुस्तिका दिली. बावीस पानं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकवायला बावीस पानांचं पुस्तक काढायचं, हे कुणाच्या डोक्यातून आलं, त्याचं नाव कळव. नाव उर्वी असलं तरी कळव.

फोनमधली चित्रं मला कळतात, फक्त नावं तुमची नि माझी वेगळी. तुम्ही ज्याला शोधायचं भिंग म्हणता ती मला पळी दिसते. दातेरी चाक म्हणजे पिठाची गिरणी. आणि ते तीन ठिपके म्हणजे कुणी रांगोळी काढायला बसली आणि दूध उतू गेलं म्हणून उठून गेली. समीक्षा आता वर्गात म्हणते, आजी, पळी दाबा. बाकीच्या बायकाही पळीच म्हणतात. हे तुझ्या अभ्यासक्रमात घाल.

आता तक्रार. पहिला धडा चालू-बंद करायचा, तो झाला. दुसऱ्या धड्याला परीक्षा. स्वतःचं नाव फोनवर लिहून दाखवायचं, तरच पुढं. मी कशी लिहू? पुस्तिकेत म्हणे लिहिलंय, 'अडचण आल्यास घरातील वाचता येणाऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी.' हे वाक्य चांगलं आहे. आमच्याकडे तशी व्यक्ती आहे. आत्ता समोर बसून बिस्कीट चहात बुडवतेय. हे लिहायला ते तयार नाहीत, पण पेन हलताना मला दिसतंय.

उत्तर कागदावरच दे. तुझे आबा वाचून दाखवतील.

तुझी आजी

ता. क. हे माझं, दौलतचं. लिहिलेलं मी तिला परत वाचून दाखवतो, पण एवढं नाही दाखवणार. उर्वी, मला अलीकडे विसरायला होतं. परवा कल्याणला उतरलो आणि कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं ते सुचेना. बाकावर बसून राहिलो, मग सुचलं. आजीला कळू देऊ नकोस, ती घाबरेल. तुझ्या बाबाला, विनीतला तर मुळीच नाही, तो मस्कतहून रोज फोन करील. तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं.

—

नौपाडा, ठाणे
१० मार्च

आजी,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. पळीवर दहा मिनिटं हसलो आणि मग सरांनी ती खरंच वहीत लिहून घेतली. ते बावीस पानांचं पुस्तक माझंच. बाराही धडे मीच लिहिले, इथे नौपाड्यातल्या खोलीत बसून, आणि लिहिताना तू कुठे डोळ्यांसमोर होतीस? डोळ्यांसमोर तक्ता होता. किती जण शिकले, किती पास झाले, ते वर दाखवावं लागतं. म्हणून परीक्षा.

पण आता अभ्यासक्रम सुधारायचं काम माझ्याकडेच आलंय. मेच्या मध्यापर्यंत नवा आराखडा द्यायचाय. तू दर पत्रात सांगत जा काय खटकतं ते. फॉर्मपेक्षा तुझी पत्रं कामाची आहेत.

आबा, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. डॉक्टरांना दाखवा. कल्याणला एकटे जाऊ नका. मी कुणाला सांगत नाही, पण डॉक्टरांकडे गेला नाहीत तर सांगेन.

तुमची
उर्वी

—

आंबिवली
२४ मार्च

चि. उर्वी,

कलावती सांगते की, ती दुसऱ्यांदा नापास झाली. ह्या वेळी लबाडी करून. तुझ्या आबांनी घरीच माझं नाव फोनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि मी वर्गात नुसतं उघडून दाखवलं. समीक्षा म्हणाली, आजी, इथं 'कलवती' लिहिलंय. एक काना खाल्ला ह्यांनी. पंचावन्न वर्षं संसार केला आणि बायकोचा काना खाल्ला. ते म्हणतात, फोनची अक्षरं बारीक आहेत.

वर्गात आमच्यातल्या सातजणी दुसऱ्या धड्यावर अडकल्यात. बाकीचे पाचव्यावर गेले, त्यांना फोटो पाठवता येतो. आम्ही सातजणी मागच्या बाकावर बसून त्यांना येणारे फोटो बघतो. फुलं असतात बहुतेक.

तुझे आबा पत्र पोस्टात टाकायला एकटेच जातात. पेटी कोपऱ्यावर आहे, पण ह्यांना अर्धा तास लागतो. वाटेत कुणीतरी भेटतं म्हणे. भेटू दे. माणसं भेटलेली बरी.

पुढचं पत्र मोठं लिही. ह्यांना वाचायला आवडतं. बसून बसून कंटाळतात.

आजी

ता. क. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. गोळ्या दिल्या. उर्वी, तिला सांगू नकोस. तिला सांगू नकोस हे मी मागच्या वेळी लिहिलं होतं का?

—

नौपाडा, ठाणे
५ एप्रिल

आजी,

तू म्हणालीस म्हणून मोठं लिहितेय. इथे उकाडा सुरू झालाय. खोलीवरची मैत्रीण रोज संध्याकाळी कैरीचं पन्हं करते आणि रोज साखर जास्त घालते. तुझी आठवण येते, कारण तू मीठ जास्त घालतेस.

आता नीट ऐक. अभ्यासक्रमात एक बदल मी करून घेतलाय, आणि तो लगेच लागू झालाय. 'शिकणाऱ्याने मागितल्यास धड्यांचा क्रम बदलता येईल.' परीक्षा नाही, काही नाही. फक्त शिकणाऱ्यानं स्वतः मागायला हवं. तर तू मंगळवारी समीक्षाला सांग, मला आधी नववा धडा हवा. 'मी कुठे आहे' त्याचं नाव. दोन फोन एकदा जोडून दिले की एक माणूस कुठेही गेला तरी दुसऱ्याच्या फोनवर नकाशात त्याचा ठिपका दिसतो. अक्षर लागत नाही. आबांचा आणि तुझा फोन जोडून घे. ठिपका कुठे आहे ते कुणालाही दाखवलंस तरी ते सांगतील. कशासाठी ते विचारू नकोस, आबा पोस्टात अर्धा तास लावतात म्हणून समज.

आबा, हा भाग तिला वाचून दाखवाच. हवं तर मला शिव्या द्या.

मला यायचंय गं. पण आराखडा पंधरा मेला द्यायचाय, रविवारीही ऑफिसात बसतेय. पंधरा मे झाली की येतेच.

उर्वी

—

आंबिवली
१७ एप्रिल

चि. उर्वी,

कलावती सांगते की, मैत्रिणीला सांग, पन्ह्यात साखर नाही, गूळ घालायचा. आणि मीठ मी जास्त घालत नाही, तुम्ही लोक कमी खाता.

आम्ही अजून दुसऱ्यावर. सातातल्या दोघी वर्ग सोडून गेल्या. एक म्हणाली, चुलीपुढं तरी मला कुणी नापास करत नाही. समीक्षाला वाईट वाटलं. मी म्हटलं, तू कशाला वाईट वाटून घेतेस, वाईट ठाण्यात वाटलं पाहिजे.

तुझं पत्र मोठं होतं म्हणून बरं वाटलं. पुढचंही तसंच पाठव.

तुझे आबा हल्ली माझ्याआधी उठतात, आणि शर्टाची इस्त्री करत बसतात. कुठं जायचंय विचारलं तर हसतात. ह्या वाक्यालाही हसतायत.

आजी

ता. क. नवव्याचं तिला सांगितलं. ती नको म्हणाली.

—

नौपाडा, ठाणे
२६ एप्रिल

आजी,

हट्टी आहेस. बरं. पंधरा मे झाली की मीच येऊन फोन जोडून देते, तेव्हा नको म्हणून दाखव. आता फक्त एकोणीस दिवस.

घाईत,
उर्वी

—

नौपाडा, ठाणे
२ जून

आजी,

हे पत्र तुला समीक्षा वाचून दाखवेल. मी तिला फोनवर विनंती केलीय की एकही शब्द गाळू नकोस.

आबांचे दिवस होईपर्यंत तेरा दिवस मी तुझ्याजवळ होते आणि तोंडातून काही निघालं नाही. बाबा होते, माणसं होती, ही सगळी कारणंच. आता लिहिते.

नऊ मेला सकाळी आबा घरातून निघाले आणि दहा तारखेला दुपारी डोंबिवलीत उन्हानं गेलेले सापडले, एवढंच तुला माहीत आहे. मी नंतर तिथे जाऊन आले. त्यांची जुनी कंपनी कधीच बंद झालीय, तिथे आता गोदाम आहे, पण गेट तेच. वॉचमननं सांगितलं की म्हातारबाबा दोन्ही दिवस गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा. उन्हातून सावलीत या म्हटलं तर म्हणाले, शिफ्टला आलोय, आत घ्या. फोन सारखा वाजत होता. वॉचमन म्हणाला, बाबा, उचला. तर आबांनी बघितलं आणि म्हणाले, "घरून आहे. आत्ता घेता येत नाही, साहेब ओरडतील."

तूच करत होतीस ना तो फोन. त्यांचा फोटो दाबून.

आजी, आबांनी मला मार्चमध्येच कळवलं होतं की त्यांना विसरायला होतंय. तुझ्या पत्रांच्या खाली ते आपलं दोन ओळी लिहायचे, तुला न दाखवता. कुणाला सांगू नकोस म्हणाले, आणि मी शब्द पाळला. तुला मी कसं सांगणार होते? पत्र लिहिलं तर वाचणारे आबा. फोन केला तर तू स्पीकर लावायचीस आणि शेजारी आबा. मी अभ्यासक्रमात लिहिलं होतं, घरातील वाचता येणाऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी. त्या व्यक्तीलाच काही झालं तर, हा विचार मी बारा धड्यांत कुठेच केला नाही.

समीक्षाशी थेट बोलता आलं असतं. बोलले नाही, कारण मग तिला कारण सांगावं लागलं असतं. पाच एप्रिलच्या पत्रात मी तुला नववा धडा मागायला सांगितलं होतं. आबांनी लिहिलं, तू नको म्हणालीस. मी तुझ्यावर चिडलेही. एक तासाचा रस्ता आहे, आणि मी आराखडा करत बसले.

तू रागाव, चालेल.

उर्वी

—

आंबिवली
९ जून

उर्वी,

समीक्षा लिहितेय. हिचं पेन भराभर चालतं, मला बोलायला उसंत मिळत नाही.

तुझं पत्र तिनं वाचलं. वाचताना दोनदा थांबली. मी म्हटलं, गाळू नकोस म्हणून सांगितलंय तुला, वाच. मग डब्यातून तुझी जुनी पत्रं काढली आणि पाच एप्रिलचं वाचायला लावलं. नववा धडा त्यात होता. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकायला मिळाला.

मी नको म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पण ह्यांच्यावर राग धरू नकोस, कारण मी सगळं खरं कुठे सांगितलंय. ह्यांचं विसरणं मला दिवाळीपासून ठाऊक होतं. विनीतचा फोन आला, हे त्याच्याशी दहा मिनिटं बोलले, फोन ठेवला आणि मला म्हणाले, कोण होता गं, आवाज ओळखीचा वाटला. मी म्हटलं, कंपनीतला कुणी असेल. तेव्हापासून मी माहीत नसल्यासारखं केलं. ते मी घाबरू नये म्हणून गप्प, आणि मी त्यांना लाज वाटू नये म्हणून.

तुला वाटलं असेल, आजी तुझा अभ्यासक्रम सुधारतेय. मला कसला गं अभ्यासक्रम. तुझा फॉर्म आला तेव्हा समीक्षा म्हणालीच होती, आजी, बोलून भरता येतो, मी भरून देते. मीच नको म्हटलं. मला ह्यांना लिहायला बसवायचं होतं. पहिलं पत्र लिहून झालं तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला होता की जणू पगार झाला. मला वाटलं, हात लिहिता राहिला तर डोकंही राहील. म्हणून तुला म्हणत होते, मोठं पत्र पाठव. तुमच्या वर्गात परीक्षा होती, माझ्या वर्गात नव्हती, एवढाच फरक.

आणि ते पाच एप्रिलचं पत्र. मला अक्षर येत नाही, पण भरलेलं पान वाचायला ह्यांना किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. त्या दिवशी पान काठोकाठ भरलेलं, आणि वाचन पन्ह्यावरून एकदम पंधरा मेवर गेलं. मधलं गाळलं हे मला तेव्हाच कळलं. पण मला वाटलं, त्यांना ते वाचता येत नाहीये. अक्षरं सुटायला लागली असं वाटलं. म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना कबूल करावं लागलं असतं. तसा मी विचार केला, आणि पन्ह्यात गूळ घाल म्हणून सांगितलं.

तर तू एकटी नाहीस. आपण तिघंही एकमेकांना जपत होतो.

डबा रिकामाच नेला होता त्यांनी. मला उठवलं असतं तर भरून दिला असता.

एक विचारायचंय. सात मेला मी एक पत्र सांगितलं होतं. ह्यांनी लिहिलं, आठ तारखेला पोस्टात टाकलं. ते तुला मिळालं का? त्याबद्दल तू काही बोलली नाहीस.

आजी

—

नौपाडा, ठाणे
१४ जून

आजी,

मिळालं. बारा तारखेला इथे येऊन पडलं होतं, मला ते तुझ्याकडून परत आल्यावर दिसलं. पाकिटावरचा पत्ता बरोबर होता, पिनकोडसकट. आत एक पूर्ण पान.

मी तुला त्याबद्दल बोलले नाही, कारण त्यावर तुझं काहीच नव्हतं. 'चि. उर्वी' आणि खाली 'कलावती सांगते की'. मग पुढच्या ओळीत पुन्हा 'कलावती सांगते की'. पान संपेपर्यंत तेवढंच, बावीस वेळा. मी मोजलं. प्रत्येक वेळी तुझ्या नावातला काना जागेवर आहे. खाली ता. क. नाही.

तू काय सांगितलं होतंस, आजी?

अभ्यासक्रमाचं थोडं. नवा आराखडा मी परत मागून घेतला. आता नाव लिहायची परीक्षा नाही. पुस्तिकेतलं ते वाक्य काढलं. पहिल्या दिवशी समीक्षासारखी शिक्षिका प्रत्येकाशेजारी बसेल आणि विचारेल, तुमचं वाचून कोण दाखवतं, आणि ते माणूस नसलं तर तुमचं काय अडेल. जे अडेल तो त्या माणसाचा पहिला धडा. सर म्हणाले, ह्याचे आकडे कसे दाखवणार. मी म्हटलं, माहीत नाही.

उर्वी

—

आंबिवली
२१ जून

उर्वी,

समीक्षानं माझा पहिला धडा घेतला. मला विचारलं, काय अडतं आजी. मी म्हटलं, जे अडायचं ते अडून गेलं. तरी तिनं तुझा आणि माझा फोन जोडून दिला. तू तिथून हो म्हणालीस ना, तेव्हा. आता मला तुझा ठिपका दिसतो. दिवसभर एका जागी, संध्याकाळी जरासा सरकतो, पुन्हा थांबतो. समीक्षा म्हणते, ती खोली आणि हे ऑफिस. एवढंच तुझं जग आहे होय. मला वाटलं होतं ठाणं मोठं आहे.

वर्ग सोडून गेलेल्या दोघींना मी घरी जाऊन घेऊन आले. एकीला नातवाचा फोटो उघडायचा होता, तो तिचा पहिला धडा झाला. पाच मिनिटांत आला तिला. ती मग उरलेला तास तो फोटोच बघत बसली.

आता सात मेचं. त्या दिवशी मी ठरवून सांगायला बसले होते. ह्यांच्या तोंडावर बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून तुला सांगते असं करून त्यांना ऐकवायचं ठरवलं. मी एकेक वाक्य सांगितलं. पेन हलताना दिसत होतं. ते कुठंही थांबले नाहीत, मान वर केली नाही. मला वाटलं, लिहितायत. काय उमटतंय ते मला कुठे कळतं.

एरवी लिहून झालं की मला परत वाचून दाखवायचे. त्या दिवशी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "हे वाचून दाखवायला नको ना?"

मी म्हटलं, नको.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं, उर्वी. लिहिता आलं नाही, पण ऐकलं. नंतर बराच वेळ शेजारी बसले. चहा मी केला, बिस्कीट त्यांनी बुडवलं, आणि अर्धं मला दिलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा.

ते पत्र तुला पोचायला हवं. तुला टोचायला म्हणून नव्हे. सांगितलेलं होतं आणि वाटेत राहिलं, एवढंच. मला अजून शब्दन् शब्द आठवतो. समीक्षाला म्हटलंय, ह्यांची सुरुवात असायची तशीच कर, आणि तारीख सात मेची घाल.

आंबिवली
७ मे २०२५

चि. उर्वी,

कलावती सांगते की, तुझे आबा विसरायला लागलेत. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. मला दिवाळीपासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे मी त्यांच्याचकडून लिहून घेतेय. त्यांनी आता लपवू नये, मीही लपवणार नाही. माझं नाव विसरले तरी चालेल, मी रोज सांगेन.

मला तो फोन लवकर शिकव. दुसरा धडा राहू दे.

पंधरा तारखेची वाट बघू नकोस. ह्या रविवारीच ये. फोडणीचा भात करीन. तुझ्या आबांना तो अजून आवडतो.

आजी